घसा दुखतो आहे – साधा घसा की एचआयव्हीची सुरुवात?



कुटुंबकल्याणाच्या सभेत आम्ही पाळणा लांबवण्याविषयी बोलतो, तांबी, गोळ्या, निरोध आणि शस्त्रक्रिया यांची माहिती देतो. सभा संपते, बायाबापड्या घरी जातात. मग एखादा गडी मागे रेंगाळतो आणि खालच्या आवाजात विचारतो, "ताई, पंधरा दिवस झाले, घसा धरलाय. अंगात कणकण आहे. तसलं काही नसेल ना?"

"तसलं काही" म्हणजे एचआयव्ही. हा प्रश्न पुरुष विचारतात, तसा बायकाही विचारतात. कोणी विचारतच नाहीत, मनातल्या मनात झुरतात. म्हणून आजचा पाठ या प्रश्नावरच आहे. पती-पत्नींनी तो मिळून वाचावा. एकाला वाचता येत नसेल तर दुसऱ्याने वाचून दाखवावा.

दोन माणसांची हकीगत

गाव आणि नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. अशी माणसे प्रत्येक तालुक्यात भेटतात.

पहिला गडी पंचविशीतला, नुकतेच लग्न झालेला. नात्यातल्या एका लग्नात पंगतीला बसला. शेजारी बसलेल्या पाहुण्याला एचआयव्ही आहे, असे त्याला नंतर कोणीतरी सांगितले. पाण्याचा तांब्या दोघांनी एकच वापरला होता. आठ दिवसांनी याचा घसा दुखू लागला, ताप आला. झाले! गड्याने अन्न सोडले. बायकोला जवळ येऊ देईना, वेगळे ताट मागू लागला. बायको बिचारी माहेरी जाऊन रडली. तिला वाटले, आपलेच काही चुकले.

दुसरा गडी पस्तिशीचा, मालट्रकवर चालक. दोन मुले. धाकट्याच्या पाठीवर बायकोची शस्त्रक्रिया झालेली. त्यामुळे घरातला निरोध कधीच बंद झाला होता. एका लांबच्या फेरीत त्याचा परक्या ठिकाणी संबंध आला, निरोध न वापरता. अडीच-तीन आठवड्यांनी घसा धरला, ताप आला, मानेला गाठी आल्या, अंग मोडून आले. बाजारच्या गावी सुई घेतली, गोळ्या खाल्ल्या. आठ-दहा दिवसांत सगळे थांबले. "घसाच होता, गेला," असे म्हणून तो पुन्हा गाडीवर चढला.

पहिल्याला कारण नसताना भीती होती. दुसऱ्याला कारण असताना भीती नव्हती. घसा मात्र दोघांचा सारखाच दुखत होता. आजचा सगळा पाठ या एका गोष्टीत आहे. तो नीट समजून घेऊ.

साधा घसा कसा असतो?

घसा दुखण्याची बहुतेक कारणे साधी असतात. सर्दी-पडशाच्या विषाणूंमुळे घसा खवखवतो. सोबत नाक वाहते, शिंका येतात, खोकला येतो, आवाज बसतो. घरात आधी एकाला होते, मग दुसऱ्याला. हा घसा साधारण आठवडाभरात आपोआप बरा होतो. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात, भरपूर पाणी प्यावे, विश्रांती घ्यावी. ताप किंवा दुखणे असेल तर पॅरासिटॅमॉल पुरते. विषाणूवर प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिक गोळ्यांचा, उपयोग होत नाही. "डॉक्टर, सुई द्याच," असा हट्ट धरू नये.

दुसरा प्रकार जंतूंचा. 'स्ट्रेप्टोकोकस' नावाच्या जंतूमुळे घसा एकाएकी दुखतो. थुंकी गिळवत नाही, ताप चढतो, टॉन्सिल सुजून लाल होतात, कधी त्यावर पांढरे ठिपके दिसतात. जबड्याखाली, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी येतात. खोकला आणि वाहते नाक बहुधा नसते. हा घसा ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये जास्त आढळतो. डॉक्टर त्यावर पेनिसिलिन किंवा त्यासारखे औषध देतात. दोन दिवसांत बरे वाटले तरी सांगितलेले सगळे दिवस औषध पुरे करावे. अर्धवट सोडल्यास काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. म्हणून पोराच्या घशाकडे "होईल बरा" म्हणून दुर्लक्ष करू नका.

तिसरा प्रकार घटसर्पाचा. घशात राखाडी रंगाचा चिकट पापुद्रा दिसला आणि मान सुजली, तर घरी एक तासही थांबू नका. मुलाला तडक रुग्णालयात न्या. बाळपणीच्या लसी आणि बूस्टर वेळेवर घेतले की या रोगापासून संरक्षण मिळते.

एचआयव्हीची सुरुवात कशी असते?

एचआयव्ही हा विषाणू शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवर घाला घालतो. भारतात त्याची लागण प्रथम १९८६ साली चेन्नईत आढळली. त्या काळी औषध नव्हते. आज आहे.

विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण २ ते ४ आठवड्यांनी काही जणांना एक आजारपण येते. ताप येतो, घसा दुखतो, डोके आणि अंग दुखते, फार थकवा वाटतो. अवधाण आल्यासारख्या गाठी मानेला, काखेत, जांघेत येतात. कोणाच्या छातीवर, पोटावर, पाठीवर बारीक पुरळ उठते. सावळ्या अंगावर ते पटकन दिसत नाही. कोणाला तोंड येते, कोणाला जुलाब होतात, कोणाला रात्री घाम फुटून अंथरूण भिजते.

हे आजारपण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, औषध न घेताही थांबते. इथेच माणूस फसतो. ताप गेला म्हणजे विषाणू गेला, असे नाही. तो शरीरात राहतो. पुढची अनेक वर्षे माणूस धडधाकट दिसतो, शेतात राबतो, पण आतून शक्ती पोखरली जात असते.

आणखी एक गोष्ट. अनेकांना सुरुवातीला यातले काहीच होत नाही. ना घसा, ना ताप.

दोन्ही शेजारी ठेवून पाहू

वाहते नाक, शिंका, खोकला, बसलेला आवाज – हे साध्या पडशाकडे बोट दाखवते.

टॉन्सिलवर पांढरे ठिपके, एकाएकी चढलेला ताप, जबड्याखाली दुखऱ्या गाठी – हे जंतूंच्या घशाकडे बोट दाखवते.

घशाबरोबर काखेत आणि जांघेतही गाठी, अंगावर पुरळ, तोंडात फोड, आणि हे सगळे धोक्याच्या प्रसंगानंतर २ ते ४ आठवड्यांनी – हे पाहिले की एचआयव्हीचा विचार डॉक्टरांनी आणि आपणही करावा.

पण थांबा. ही खूण शंभर नंबरी नाही. ताप, पुरळ आणि गाठी दुसऱ्याही अनेक विषाणूंनी येतात. उलट, एचआयव्हीच्या सुरुवातीचा घसा अगदी साध्या घशासारखा असू शकतो. मोठा डॉक्टरसुद्धा बॅटरी मारून नुसता घसा पाहून "एचआयव्ही आहे" किंवा "नाही" असे सांगू शकत नाही. ते फक्त रक्त सांगते.

मग स्वतःला काय विचारावे?

आरशासमोर आ करून उभे राहू नका. त्याऐवजी स्वतःला चार प्रश्न विचारा आणि खरे उत्तर द्या. हे उत्तर दुसऱ्या कोणाला द्यायचे नाही, स्वतःलाच द्यायचे आहे.

१. निरोध न वापरता अशा कोणाशी संबंध आला आहे का, ज्याची एचआयव्ही तपासणी मला ठाऊक नाही?
२. माझ्या जोडीदाराचा तसा संबंध आला असण्याची शक्यता आहे का?
३. दुसऱ्याला वापरलेली सुई मला टोचली आहे का?
४. तपासणी न केलेले रक्त मला चढवले आहे का?

चारही उत्तरे "नाही" असतील तर आपला घसा हा घसाच आहे. गुळण्या करा, गरज वाटली तर डॉक्टरांना दाखवा आणि निर्धास्त झोपा. एकाही प्रश्नाचे उत्तर "होय" किंवा "सांगता येत नाही" असेल तर घसा दुखो वा न दुखो, तपासणी करा. घसा बरा झाला म्हणून तपासणी टाळू नका.

एका तांब्यातले पाणी, एका ताटातले जेवण, हातात हात, मिठी, खोकला, डासाचा चावा, एकच विहीर, एकच संडास – यांतून एचआयव्ही लागत नाही. पंगतीत बसलेल्या त्या पहिल्या गड्याला आरोग्यसेविकेने हे चार प्रश्न विचारले. चारही उत्तरे "नाही" आली. त्याच्या घशात पांढरे ठिपके होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषधाने घसा बरा झाला. मनाच्या समाधानासाठी दोघा नवरा-बायकोंनी तपासणीही करून घेतली. दोघेही निगेटिव्ह. शेजारी जेवलेल्या पाहुण्याबद्दल त्याने जे मनात आणले, त्याची त्याला नंतर लाज वाटली. लाज वाटली हे चांगलेच झाले.

तपासणी कुठे आणि केव्हा?

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयात 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' असते. लोक त्याला 'आयसीटीसी' म्हणतात. तिथे तपासणी मोफत होते. आधी समुपदेशक आपल्याशी बोलतात, आपली संमती घेतात, मगच रक्त घेतात. आपली माहिती गुप्त ठेवली जाते. एचआयव्हीबाबतचा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून तो लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करणे, रुग्णाची माहिती फोडणे, एचआयव्ही आहे म्हणून कोणाला नोकरीवरून काढणे किंवा उपचार नाकारणे, याला त्या कायद्याने बंदी आहे. आधी फोनवर विचारायचे असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. नेहमीची चाचणी रक्तातले विषाणूविरोधी घटक शोधते. ते तयार व्हायला काही आठवडे लागतात, कोणाला तीन महिन्यांपर्यंत. या मधल्या काळात विषाणू शरीरात असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून आज तपासणी करा आणि धोक्याच्या प्रसंगाला तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा करा. डॉक्टरांना तारीख खरी सांगा. विषाणू लवकर दाखवणाऱ्या काही चाचण्याही आहेत. त्यांची गरज आहे का, हे डॉक्टर ठरवतील.

या सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तात विषाणू अतोनात वाढलेला असतो. जोडीदाराला लागण होण्याचा धोका तेव्हाच फार असतो. म्हणून दुसरी तपासणी होईपर्यंत दर वेळी निरोध वापरा.

प्रसंग घडून ७२ तास झाले नसतील तर वाट पाहू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन सांगा. गरज असेल तर डॉक्टर २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध देतात. ते जितके लवकर सुरू होईल तितके चांगले.

ट्रकवाल्या दादांचे पुढे काय झाले?

त्यांचा घसा बरा झाला, पण घरात धाकट्या पोराचा घसा धरला. आई त्याला घेऊन उपकेंद्रात आली. सिस्टरांनी पोराला तपासले, आरोग्य केंद्राची चिठ्ठी दिली. तेवढ्यात ती सहज बोलून गेली, "सिस्टर, ह्यांचाबी घसा मागं असाच झाला होता. ताप, मानेला गाठी. तेव्हापासून गप गप असतात. रात्री वेगळे झोपतात."

सिस्टरांनी काही तर्क बोलून दाखवला नाही. एवढेच म्हणाल्या, "दोघं मिळून या. पोराच्या औषधाचंही सांगते."

दोघे आले. सिस्टरांनी दादांशी वेगळे बोलून चार प्रश्न विचारले. पहिल्याच प्रश्नाला त्यांनी मान खाली घातली. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी आपणहून चाचणी केंद्रात गेले. समुपदेशक ताईंनी विचारले, "दादा, घरी सांगायला मी मदत करू का?" ते "हो" म्हणाले.

बायकोला सांगितले तेव्हा ती खूप वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अहो, आधी सांगितलं असतं तर मी काय जीव घेणार होते का? दोन लेकरं आहेत आपल्याला." त्या एका वाक्यात राग होता आणि शहाणपणही होते.

पहिल्या तपासणीत दोघेही निगेटिव्ह आले. दादा म्हणाले, "मग सुटलो." ताई म्हणाल्या, "अजून नाही. तीन महिने व्हायचे आहेत. तोवर निरोध." बायको बुचकळ्यात पडली. "पण ताई, माझं तर ऑपरेशन झालंय." ताईंनी समजावले, "ऑपरेशन मूल थांबवतं, रोग थांबवत नाही."

तीन महिन्यांनी दादांची चाचणी पॉझिटिव्ह आली. वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री करून घेतली. बायकोची निगेटिव्ह आली. आज दादा रोज औषध घेतात, ट्रक चालवतात. बायको अजूनही निगेटिव्ह आहे. त्या काही महिन्यांतला सावधपणा तिला वाचवून गेला.

पोराच्या घशाचे काय? तो जंतूंचा साधा घसा होता. औषध पुरे घेतले, बरा झाला. त्याचा आणि बापाच्या आजाराचा काही संबंध नव्हता. एका घरात दोन घसे, दोघांची कारणे वेगळी!

शंका-समाधान

शंका: एचआयव्ही निघाला तर पुढे काय?
समाधान: सरकारी एआरटी केंद्रात औषध मोफत मिळते. ही सोय भारतात २००४ पासून आहे. औषध रोज आणि आयुष्यभर घ्यावे लागते. नियमित घेतले तर रक्तातला विषाणू इतका दबतो की चाचणीत मोजता येत नाही. तो असा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. माणूस संसार करतो, म्हातारा होतो.

शंका: आम्हाला मूल हवे आहे. एकाला एचआयव्ही असला तर?
समाधान: मूल होऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणी प्रत्येक स्त्रीने ही तपासणी करून घ्यावी. काहीच उपाय केला नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात १५ ते ४५ असतो. आईने औषध घेतले आणि बाळालाही दिले तर तो शंभरात ५ पेक्षाही खाली येतो.

शंका: तांबी किंवा गोळ्या चालू असताना निरोध कशाला?
समाधान: तांबी, गोळ्या, इंजेक्शन, स्त्रीची किंवा पुरुषाची शस्त्रक्रिया – ही सगळी साधने गर्भ राहू देत नाहीत. एचआयव्ही, गुप्तरोग ती अडवू शकत नाहीत. मूलही नको आणि रोगही नको, ही दोन्ही कामे करतो तो निरोध. उपकेंद्रात तो मोफत मिळतो.

शंका: तोंडात दह्यासारखा पांढरा थर येतो, तो एचआयव्हीच ना?
समाधान: असा थर तान्ह्या बाळाला, मधुमेह असलेल्याला, बरेच दिवस प्रतिजैविके घेतलेल्यालाही येतो. पण मोठ्या माणसाला तो वारंवार येत असेल, किंवा महिनाभर ताप, महिनाभर जुलाब, झपाट्याने घटलेले वजन, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर एचआयव्ही आणि क्षयरोग या दोन्हींची तपासणी करावी.

शंका: घशासाठी ताबडतोब कधी धावावे?
समाधान: श्वास घ्यायला त्रास, तोंड उघडता न येणे, लाळसुद्धा गिळता न येणे, किंवा घशात राखाडी पापुद्रा दिसला तर लगेच. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल किंवा तोंडातली जखम भरत नसेल, तर तंबाखू खाणाऱ्यांनी आणि विडी ओढणाऱ्यांनी विशेष करून दाखवून घ्यावे.

लक्षात ठेवा

• दुखणारा घसा बहुधा साधाच असतो.
• घसा पाहून एचआयव्ही कळत नाही. रक्त तपासूनच कळतो.
• घसा बरा झाला म्हणजे धोका टळला, असे नाही.
• धोका घडला असेल तर आज तपासणी, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, मधल्या काळात दर वेळी निरोध.
• शस्त्रक्रिया झाली असली तरी रोगापासून रक्षण निरोधच करतो.
• मुलाच्या घशाचे औषध अर्धवट सोडू नका.
• पती-पत्नींनी तपासणीला मिळून जावे. दोष कोणाचा हे ठरवायला नव्हे, दोघांची आणि लेकरांची काळजी घ्यायला.

हे पत्रक वाचून झाल्यावर चुलीत घालू नका. शेजारच्या घरी द्या. कदाचित तिथेही कोणीतरी घसा धरून गप्प बसले असेल.

घसा दुखला, औषध घ्या. शंका आली, तपासणी करा. दोघांनी मिळून घर सांभाळा.